प्रकाश पदुकोण : मनगटाच्या खेळाची कारकीर्द

प्रकाश रमेश पदुकोण (जन्म १० जून १९५५, बंगळूर) हे ऑल इंग्लंड बॅडमिंटन स्पर्धेत पुरुष एकेरीचे विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय खेळाडू. मार्च १९८० मध्ये लंडनच्या वेंब्ली अरीनात त्यांनी इंडोनेशियाच्या लिएम स्वी किंगला १५-३, १५-१० असे हरवले आणि त्या वर्षी ते जगातील पहिल्या क्रमांकाचे खेळाडू गणले गेले. सलग नऊ राष्ट्रीय विजेतेपदे, राष्ट्रकुल स्पर्धेतील सुवर्णपदक, विश्वचषक आणि जागतिक स्पर्धेतील कांस्यपदक ही त्यांच्या कारकिर्दीची ठळक मिळकत आहे. मात्र भारतीय बॅडमिंटनवर त्यांचा ठसा केवळ पदकांमुळे उमटलेला नाही. खेळणे थांबवल्यावर त्यांनी उभ्या केलेल्या प्रशिक्षण केंद्राचा वाटाही त्यात तेवढाच आहे.

बॅडमिंटन भारताला परके नव्हते. इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी १८७० च्या दशकात या खेळाचे सुरुवातीचे नियम पुण्यातच लिहून काढले आणि काही काळ खेळाचे नावही ‘पूना’ असेच होते. पुढे नियमांना पक्के रूप इंग्लंडमध्ये मिळाले, १८९९ मध्ये ऑल इंग्लंड स्पर्धा सुरू झाली आणि ती जिंकणारा जगज्जेता मानला जाऊ लागला. भारतीय खेळाडू या विजेतेपदाच्या अगदी जवळ पोहोचले ते १९४७ मध्ये. लाहोरचे प्रकाश नाथ आणि त्यांचे सहकारी देविंदर मोहन यांना उपउपान्त्य फेरीत एकमेकांशीच खेळावे लागणार होते. आपापसांत दमण्यापेक्षा त्यांनी नाणे उडवले. कौल प्रकाश नाथ यांच्या बाजूने लागला, ते पुढे गेले आणि अंतिम सामन्यात स्वीडनच्या कॉनी येप्सेनकडून हरले. त्याच दिवसांत पंजाबात दंगली उसळल्या होत्या आणि लाहोर पेटले होते. त्यानंतर त्यांनी स्पर्धात्मक खेळ जवळजवळ सोडूनच दिला.

पुढच्या पिढीत सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर सहा वेळा राष्ट्रीय विजेते झाले. १९५६ मध्ये मलायातील सेलांगोर स्पर्धा जिंकून ते परदेशात विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. १९६५ मध्ये दिनेश खन्ना लखनौत आशियाई विजेते झाले. म्हणजे गुणी खेळाडूंचा तुटवडा कधीच नव्हता. नव्हती ती वर्षभर चालणाऱ्या सरावाची सोय, बंदिस्त कोर्टे आणि परदेशी स्पर्धांचा नित्याचा अनुभव. प्रकाश पदुकोण यांचे बालपणही याच अभावात गेले.

त्यांचे कोकणीभाषक कुटुंब मूळचे कर्नाटकच्या किनारपट्टीवरील कुंदापूरजवळच्या पदुकोण गावचे. वडील रमेश पदुकोण यांनी म्हैसूर बॅडमिंटन असोसिएशनच्या उभारणीत पुढाकार घेतला आणि अनेक वर्षे संस्थेचे चिटणीसपद सांभाळले. खेळाची ओळख त्यामुळे घरातच झाली. मोठे भाऊ प्रदीप हेही खेळत. सराव मल्लेश्वरम् भागातील कॅनरा युनियनच्या सभागृहात होई. हे सभागृह लग्नकार्यासाठी भाड्याने दिले जात असे. मुहूर्त असेल त्या दिवशी तिथे मांडव आणि पंगती, नसेल त्या दिवशी जाळे आणि बॅडमिंटनची फुले. शाळा सुटली की आज कार्य आहे की नाही हे आधी पाहायचे आणि नसेल तर रॅकेट घेऊन धावायचे, असा मुलांचा क्रम होता. लग्नसराईत सराव आपोआपच थांबे.

अगदी लहान वयात उतरलेल्या पहिल्या राज्य कनिष्ठ स्पर्धेत प्रकाश पहिल्याच फेरीत हरले. दोन वर्षांनी त्यांनी तीच स्पर्धा जिंकली. सुरुवातीचा त्यांचा खेळ बचावाचा होता. फूल मागच्या रेषेपर्यंत उंच टोलवत राहायचे आणि समोरचा चुकण्याची वाट पाहायची, ही त्या काळच्या भारतीय खेळाची ठरलेली चाल. इंडोनेशियाच्या रुडी हार्टोनोचा वेगवान, आक्रमक खेळ पाहिल्यावर ही पद्धत पुरेशी नाही हे त्यांना कळले. हार्टोनोने १९६८ ते १९७४ अशी सलग सात वर्षे ऑल इंग्लंड जिंकली आणि १९७६ मध्ये आठव्यांदा ती पटकावली. १९७१ च्या सुमारास प्रकाश यांनी आपल्या खेळात हल्ल्याची भर घातली. परिणाम लगेच दिसला. १९७१-७२ च्या हंगामात, वयाच्या अवघ्या सोळाव्या वर्षी, ते कनिष्ठ आणि वरिष्ठ अशा दोन्ही गटांत राष्ट्रीय विजेते झाले. १९७२ मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला.

तेव्हापासून वरिष्ठ गटातील विजेतेपद त्यांनी सलग नऊ वर्षे मिळवले. देशात त्यांना अटीतटीची लढत देणारे फारसे कोणी उरले नाही आणि हीच त्यांची अडचण झाली. घरच्या मैदानात सतत जिंकणाऱ्या खेळाडूला आपण जगात नेमके कुठे आहोत हे कळत नाही. १९७४ च्या तेहरान आशियाई क्रीडास्पर्धेत भारतीय संघाने सांघिक कांस्यपदक मिळवले आणि त्या संघात प्रकाश होते. पण एकेरीत इंडोनेशिया, मलेशिया आणि डेन्मार्कच्या पहिल्या फळीला हरवणे त्यांना अजून जमत नव्हते. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर त्यांना जकार्तात इंडोनेशियाच्या राष्ट्रीय खेळाडूंबरोबर सराव करण्याची संधी मिळाली. तिथली शिस्त त्यांच्यासाठी नवी होती. दिवसाचे दोन वेळा ठरलेले सत्र, कोर्टाबाहेर धावणे व वजनांचा व्यायाम आणि कोर्टावर एकच फटका घोटून घेणे. भारतात तोवर सराव म्हणजे सामने खेळणे एवढाच अर्थ होता. जकार्ताहून परतल्यावर त्यांनी ती दिनचर्या बंगळुरात स्वतःवर लादून घेतली.

फळ मिळायला दोन-तीन वर्षे लागली. १९७८ मध्ये कॅनडातील एडमंटन येथे राष्ट्रकुल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्यांनी इंग्लंडच्या डेरेक टालबटला हरवून सुवर्णपदक मिळवले. राष्ट्रकुल स्पर्धेतील बॅडमिंटनमध्ये भारताचे हे पहिले सुवर्ण. १९७९ मध्ये त्यांचा समावेश असलेल्या भारतीय संघाने थॉमस चषक या पुरुषांच्या सांघिक स्पर्धेची उपान्त्य फेरी गाठली. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये निवडक खेळाडूंसाठी भरलेली ‘इव्हिनिंग ऑफ चॅम्पियन्स’ ही स्पर्धा त्यांनी जिंकली आणि युरोपातील जाणकार त्यांच्याकडे विजेतेपदाचे दावेदार म्हणून पाहू लागले.

१९८० च्या सुरुवातीचे काही आठवडे त्यांच्या कारकिर्दीचा कळस ठरले. डॅनिश ओपन आणि स्वीडिश ओपन लागोपाठ जिंकून ते वेंब्लीला आले. अंतिम फेरीतील प्रतिस्पर्धी लिएम स्वी किंग हा १९७८ आणि १९७९ चा विजेता होता आणि सलग तिसऱ्या विजेतेपदासाठी उतरला होता. उंच उडी मारून, हवेत असतानाच मारलेला स्मॅश हे त्याचे हुकमी अस्त्र. असा स्मॅश नंतरच्या काळात सर्रास दिसू लागला, पण तेव्हा तो किंगची ओळख होता आणि त्याच्या नावाने ओळखला जाई.

या अस्त्रावर प्रकाश यांच्याकडे एकच उतारा होता : ते वापरण्याची संधीच द्यायची नाही. उडी मारून स्मॅश करायला फूल उंच, कोर्टाच्या मध्याजवळ आणि खेळाडूला पाय रोवता येतील इतक्या सवडीने यावे लागते. प्रकाश यांनी फूल खाली ठेवले. मागून येणारा ड्रॉप जाळ्याला लगटून पडे. पूर्ण ताकदीच्या स्मॅशऐवजी अर्ध्या ताकदीचा, पण तिरका फटका येई. टॉस, म्हणजे उंच टोला, दिला तरी तो मागच्या कोपऱ्यात इतका आत पडे की किंगला मागे झुकून खेळावे लागे. ड्रॉप असो, टॉस असो वा अर्धा स्मॅश, प्रकाश यांच्या हाताची तयारी अखेरच्या क्षणापर्यंत एकसारखीच दिसे. फूल कुठे जाणार हे मनगट ठरवी आणि तेही अगदी शेवटी. त्यामुळे किंगचे पहिले पाऊल वारंवार चुकीच्या दिशेला पडत राहिले. सर्व्हिस ज्याच्याकडे असेल त्यालाच गुण मिळण्याच्या त्या काळच्या पद्धतीत पहिला डाव १५-३ असा संपणे, म्हणजे गतविजेत्याला खेळावर पकडच मिळू न देणे होते. दुसऱ्या डावात किंगने प्रतिकार केला, पण १५-१० वर तोही संपला. १९४७ मध्ये हुकलेले विजेतेपद तेहतीस वर्षांनी भारताला मिळाले. बंगळुरात त्यांची उघड्या मोटारीतून मिरवणूक निघाली. १९८२ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली.

विजेतेपदानंतर त्यांनी घेतलेला निर्णय त्या काळी धाडसाचा होता. ते कोपनहेगनला राहायला गेले आणि तिथल्या व्हिडोव्हर क्लबशी जोडले गेले. डेन्मार्क हा छोटा देश, पण तिथे गावोगावी क्लब आणि बंदिस्त कोर्टे, हिवाळाभर सामने आणि सरावाला तोलामोलाचे जोडीदार. मॉर्टन फ्रॉस्टसारखा जगातील आघाडीचा खेळाडू रोजच्या सरावात समोर उभा राही. भारतात राहून वर्षातून मोजक्या स्पर्धांसाठी परदेशी जाण्यापेक्षा युरोपात राहून खेळणे अधिक फायद्याचे आहे, हे त्यांनी ओळखले होते. पुढची काही वर्षे कोपनहेगन हेच त्यांचे घर होते. त्यांची थोरली कन्या, चित्रपट अभिनेत्री दीपिका, हिचा जन्म १९८६ मध्ये तिथलाच.

याच सुमारास जागतिक बॅडमिंटनचा नकाशा बदलत होता. १९८१ पर्यंत चीन आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन महासंघाचा सदस्य नव्हता. त्यामुळे चिनी खेळाडू ऑल इंग्लंडला येत नसत आणि ती जिंकणारा खरोखर सर्वश्रेष्ठ आहे का, अशी शंका घेता येत होती. १९८१ मध्ये दोन प्रतिस्पर्धी महासंघांचे विलीनीकरण झाले आणि चिनी खेळाडूंना वाट मोकळी झाली. त्या वर्षीच्या ऑल इंग्लंडमध्ये प्रकाश पुन्हा अंतिम फेरीत पोहोचले. समोर पुन्हा किंगच होता. पहिला डाव प्रकाश यांनी १५-११ असा घेतला, पण पुढचे दोन किंगने १५-४, १५-६ असे जिंकून वचपा काढला.

शंकेला उत्तर मिळाले ते काही महिन्यांनी क्वालालंपूर येथे, पहिल्या विश्वचषक स्पर्धेत. अंतिम सामना चीनच्या हान जियानशी होता. हान पुढे १९८५ मध्ये जगज्जेता झाला, यावरून त्याचा दर्जा लक्षात यावा. प्रकाश यांनी पहिला डाव १५-० असा घेतला. दुसरा डाव मात्र त्याच्या अगदी उलटा झाला. तेव्हाच्या नियमाप्रमाणे १३-१३ अशी बरोबरी झाली की डाव आणखी पाच गुणांनी, म्हणजे अठरापर्यंत, वाढवता येत असे. तो डाव असाच वाढला आणि प्रकाश यांनी १८-१६ असा जिंकला. एकाच सामन्यात एक डाव एकही गुण न देता आणि दुसरा गुणागुणासाठी झुंजून घेतलेला. पहिला डाव त्यांच्या कौशल्याचा पुरावा होता, तर दुसरा दमाचा. १९८० चे यश चीनच्या गैरहजेरीत मिळाले, असे म्हणण्यास त्यानंतर जागा उरली नाही.

१९८२ मध्ये त्यांनी डच ओपन आणि हाँगकाँग ओपन या स्पर्धा जिंकल्या. १९८३ ची जागतिक स्पर्धा कोपनहेगनलाच, म्हणजे त्यांच्या राहत्या शहरात होती. उपान्त्य सामन्यात ते इंडोनेशियाच्या इकुक सुगिआर्तोकडून तीन डावांत हरले. इकुकने पुढे अंतिम सामन्यात किंगलाही हरवले. प्रकाश यांना कांस्यपदक मिळाले आणि जागतिक स्पर्धेतील भारताचे हे पहिले पदक ठरले. ते किती पुढचे होते हे नंतरच्या वर्षांनी सांगितले. भारताला या स्पर्धेत दुसरे पदक मिळायला २०११ साल उजाडले आणि तेही महिला दुहेरीत. पुरुष एकेरीतील पुढचे पदक साई प्रणीतने २०१९ मध्ये आणले.

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात खेळाचा वेग वाढला. हलक्या रॅकेट आल्या आणि यांग यांग, झाओ जियानहुआ अशी चिनी खेळाडूंची नवी फळी पुढे आली. वयाच्या तिशीत पोहोचलेल्या प्रकाश यांना मोठी विजेतेपदे दुरावली. १९८६ च्या सोल आशियाई स्पर्धेत भारताने पुन्हा सांघिक कांस्यपदक मिळवले आणि त्यातही ते होते. देशात त्यांची जागा सय्यद मोदीने घेतली होती. त्याने १९८० पासून सलग आठ राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली, पण १९८८ मध्ये लखनौत त्याचा खून झाला. प्रकाश यांनी नव्वदच्या दशकाच्या उंबरठ्यावर स्पर्धात्मक खेळ थांबवला. बॅडमिंटनला ऑलिम्पिकमध्ये पदकांचा खेळ म्हणून स्थान मिळाले ते १९९२ मध्ये बार्सिलोनात. भारताच्या तोवरच्या सर्वांत यशस्वी एकेरी खेळाडूच्या वाट्याला ऑलिम्पिकचे कोर्ट कधी आलेच नाही.

खेळाडू म्हणून थांबल्यावर १९९३ ते १९९६ या काळात ते भारतीय संघाचे प्रशिक्षक होते. राष्ट्रीय संघटनेच्या कारभाराबद्दल खेळाडूंमध्ये नाराजी साचलेली होती. १९९७ मध्ये प्रकाश यांच्या पुढाकाराने ‘इंडियन बॅडमिंटन कॉन्फेडरेशन’ ही समांतर संघटना स्थापन झाली आणि अनेक आघाडीचे खेळाडू तिच्यामागे उभे राहिले. पुढे तडजोड होऊन दोन्ही प्रवाह एकत्र आले. कोर्टावर कधीही आवाज न चढवणारा माणूस संघटनेविरुद्ध उघड उभा राहतो, हे अनेकांना अनपेक्षित होते. पण स्वतःला जे परदेशात जाऊन मिळवावे लागले, ते पुढच्या मुलांना घरीच मिळावे, या हट्टाशी ते सुसंगत होते.

हा हट्ट प्रत्यक्षात उतरला तो १९९४ मध्ये. माजी राष्ट्रीय विजेते विमल कुमार आणि विवेक कुमार यांच्या साथीने त्यांनी बंगळुरात प्रकाश पदुकोण बॅडमिंटन अकादमी सुरू केली. खासगी कंपनीच्या अर्थसाह्यावर चालणारे, निवडक मुलांना निवास, आहार, व्यायाम आणि दिवसातून दोन वेळा सराव देणारे असे केंद्र भारतात तेव्हा नवीन होते. जकार्तात पाहिलेली शिस्त आणि कोपनहेगनमध्ये पाहिलेली क्लब-व्यवस्था यांचा मेळ त्यात होता. पुल्लेला गोपीचंद याच केंद्रात घडले. २००१ मध्ये चीनच्या चेन हाँगला १५-१२, १५-६ असे हरवून ते ऑल इंग्लंड जिंकणारे दुसरे भारतीय ठरले. त्यांनी पुढे हैदराबादेत स्वतःची अकादमी काढली, तिथून सायना नेहवाल आणि पी. व्ही. सिंधू घडल्या आणि बंगळुरात सुरू झालेली पद्धत हैदराबादेत दुसऱ्यांदा रुजली.

२००१ मध्येच प्रकाश यांनी बिलियर्ड्सपटू गीत सेठी यांच्यासह ‘ऑलिम्पिक गोल्ड क्वेस्ट’ या उपक्रमाची पायाभरणी केली. ऑलिम्पिक पदकाची शक्यता असलेल्या खेळाडूंना प्रशिक्षक, फिजिओ, साहित्य आणि परदेशातील सराव यांसाठी मदत देणे हे त्याचे काम. बॅडमिंटनपुरते मर्यादित न राहता नेमबाजी, मुष्टियुद्ध, कुस्ती अशा खेळांतील अनेकांना त्याचा आधार मिळाला. भारतीय बॅडमिंटन संघटनेने आपला पहिला जीवनगौरव पुरस्कार २०१८ मध्ये प्रकाश यांनाच दिला.

त्यांच्या कारकिर्दीचे मोल दोन गोष्टींत आहे. पहिली, ताकदीच्या युगात त्यांनी फुलावरच्या हुकमतीने जग जिंकता येते हे दाखवले. दुसरी, त्या विजयाचा चमत्कार होऊ न देता त्यामागची मेहनत त्यांनी इतरांना शिकवता येईल अशा रीतीने मांडली. प्रकाश नाथ किंवा नंदू नाटेकर यांच्यामागे त्यांचे यश पुढे नेणारी व्यवस्था नव्हती आणि प्रत्येक पिढीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. प्रकाश पदुकोण यांच्यानंतर तसे झाले नाही.

१५ मे २०२२ रोजी बँकॉकमध्ये भारताने थॉमस चषक प्रथमच जिंकला. अंतिम फेरीत समोर चौदा वेळचा विजेता इंडोनेशिया होता आणि भारताने त्याला ३-० असे हरवले. पहिला सामना जिंकणारा लक्ष्य सेन बंगळूरच्या अकादमीत वाढलेला, दुहेरीत मुंबईचा चिराग शेट्टी आणि सात्विकसाईराज रंकिरेड्डी, तिसऱ्या सामन्यात हैदराबादेत तयार झालेला किदंबी श्रीकांत. संघाबरोबर प्रशिक्षक म्हणून विमल कुमार होते, १९९४ मध्ये प्रकाश यांच्यासह अकादमी सुरू करणारे.